इटालियन आणि बोस्नियन या भाषा एकमेकींसारख्या आहेत का? एक येत असेल तर दुसरी समजेल का?

नाही, एक येते म्हणून दुसरी समजणार नाही. दोन्ही इंडो-युरोपीय कुळातल्या असल्या तरी इटालियन लॅटिनमधून आली आहे आणि बोस्नियन ही दक्षिण स्लाव्ह भाषा आहे. नातं दिसतं ते आकड्यांसारख्या जुन्या शब्दांत: दोन-तीनला इटालियनमध्ये ‘दुए, त्रे’, बोस्नियनमध्ये ‘द्वा, त्रि’.

खरा फरक व्याकरणात आहे. इटालियनमध्ये ‘रोममध्ये’ म्हणजे ‘आ रोमा’, ‘रोमहून’ म्हणजे ‘दा रोमा’; नाव तसंच राहतं. बोस्नियनमध्ये मात्र ‘उ सारायेवु’ आणि ‘इझ सारायेवा’, म्हणजे सारायेवो या बोस्नियाच्या राजधानीच्या नावाचा शेवटच बदलतो. पुणे, पुण्यात, पुण्याहून म्हणणाऱ्या आपल्याला हे परकं वाटू नये. बोस्नियनमध्ये सात विभक्ती आणि मराठीसारखी तीन लिंगं आहेत; इटालियनमध्ये लिंगं दोनच, आणि नामांना विभक्ती नाहीत.

शब्दसंग्रहही वेगळा. बोस्नियावर 1463 ते 1878 उस्मानी तुर्कांची सत्ता होती, त्यामुळे तिथे ‘बादेम’ (बदाम), ‘चाय’ (चहा), ‘दुश्मानिन’ (दुश्मन) असे आपल्याला चटकन ओळखू येणारे शब्द भेटतात. ‘सापुन’ तर इटालियन ‘सापोने’ आणि आपला साबण या दोघांचाही नातेवाईक आहे.

एक मात्र आहे: एड्रियाटिक किनाऱ्यावरच्या डाल्मेशियात व्हेनिसची सत्ता शतकानुशतकं होती. तिथल्या क्रोएशियन बोलीत इटालियन वळणाचे शब्द भरपूर सापडतात, उदाहरणार्थ टॉवेलला ‘शुगामान’ (इटालियन ‘आश्युगामानो’). क्रोएशियन आणि बोस्नियन एकमेकींना सहज समजतात, त्यामुळे किनाऱ्यावर फिरून आलेल्यांना साम्य जास्त वाटतं.