संभाजीनगरजवळ नदी, तळं आणि छोटा डोंगर एका दिवसात पायी बघता येईल असं काही आहे का?

तुम्ही लिहिलंय, पुण्याहून येतोय, सोबत नऊ आणि बारा वर्षांची मुलं आहेत, किल्ला चढायचा नाही. मग खुलताबाद, सुलीभंजन आणि वेरूळचा पट्टा धरा. खुणा-पाट्या लावलेली आखीव वाट मात्र इथं नाही. आहेत त्या गुरांच्या वाटा, आणि गुरं कुठंही जातात. म्हणून दिवसाचे तीन तुकडे करा आणि मधल्या अंतराला गाडी ठेवा.

सकाळी ऊन चढायच्या आत सुलीभंजनचा डोंगर करा. वर दत्ताचं मंदिर आहे. एकनाथ महाराजांनी इथं तप केलं असं मानतात. त्यांचे गुरू जनार्दनस्वामी जवळच देवगिरीवर होते. मुलांना यापेक्षा तिथला दगड जास्त आवडेल. दिसायला साधा काळा पाषाण, पण हातातल्या खड्यानं ठोकलं की धातूसारखा खणखणतो. एका जागी आवाज बारीक, वीतभर सरकलं की जाड. माझी लेक तिथून हलायलाच तयार नव्हती, मागं चार जण खडे घेऊन उभे!

पायथ्याशी तळं आहे, त्याला परियों का तालाब म्हणतात. शेजारी दर्गा आहे. काठावर डबा उघडा, पण मुलांना पाण्यात उतरू देऊ नका.

माझी चूक सांगतो. तळ्यावरून माळ तुडवत थेट वेरूळला उतरू म्हणून आम्ही निघालो. दिवाळी नुकतीच झाली होती, म्हणजे कुसळी गवत पिकलेलं. अर्ध्या तासात मोजे साळिंदरासारखे झाले. कुसळाचं टोक एकदा विणीत शिरलं की मागं येत नाही, पावलागणिक आतच सरकतं. शेवटी खडकावर बसून एकेक उपटत होतो, तर शेळ्या राखणारी एक मावशी म्हणाली, "दादा, लेकरं घेऊन हिकडं कशाला आलाव? सडक तर मागंच ऱ्हायली." गुपचूप मागं फिरलो.

तिसरा तुकडा वेरूळचा. नदी म्हणजे येळगंगा, म्हैसमाळकडच्या डोंगरातून येते आणि 29 नंबरच्या लेण्याजवळ कड्यावरून खाली पडते. धबधबा बघायचा तो या लेण्याच्या बाजूनं, खालून. वरच्या अंगाला पात्राच्या कडेनं गणेश लेणी आहेत. लहानशीच, पण छताला जुन्या रंगाचे अवशेष आहेत आणि गर्दी नसते. तिकडं जाऊ देतात का, हे आधी पहारेकऱ्याला विचारा. पात्रातल्या दगडावर शेवाळ असतं आणि वरून कडा कुठं संपतो ते कळत नाही, म्हणून धाकट्याचा हात सोडू नका. कपारीला आग्या मोहोळ दिसलं तर आरडाओरडा नको, अत्तर नको, धूर तर नकोच. मंगळवारी लेणी बंद असतात.

आता कधी यायचं ते. तुम्ही मे म्हणताय. मेमध्ये नदीच्या जागी तापलेले धोंडे बघाल. ऑगस्टमध्ये हिरवळ असते, पण श्रावणातल्या शनिवारी अख्खं शहर खुलताबादच्या भद्रा मारुतीच्या देवळाला पायी निघतं, गाडी हलत नाही. मला विचाराल तर गणपती उठल्यापासून दसऱ्यापर्यंत. आपल्याकडं सप्टेंबरचा पाऊस बऱ्याचदा जोराचा होतो, म्हणून नदी वाहती असते, तळं भरलेलं असतं, आणि कुसळ अजून कोवळं. आदल्या रात्री मोठा पाऊस झाला असेल तर नदीचा तुकडा सोडा, त्याऐवजी गाडीनं म्हैसमाळ करा.

मोजे जुनेच घाला.