प्रश्न तुमचे: नीतिशास्त्राचा पेपर आणि टँकरचे बिल

राज्यसेवा मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाली आणि सामान्य अध्ययनाचा चौथा पेपर, म्हणजे नीतिशास्त्र, आता यूपीएससी आणि एमपीएससी अशा दोन्हीकडे द्यावा लागतो. २५० गुण, तीन तास. या अंकात सोलापूर जिल्ह्यातल्या वाचकांचे त्यावरचे प्रश्न घेतले आहेत.

सचोटी, करुणा, वस्तुनिष्ठता यांच्या व्याख्या तोंडपाठ आहेत. तरी सराव परीक्षेत दहापैकी तीन-साडेतीनच गुण मिळतात. काय चुकते? (अक्कलकोट)

व्याख्येवर अर्धे पान जाते, हेच चुकते. व्याख्या दीड ओळीत संपवा आणि लगेच त्या मूल्याची दुसऱ्या मूल्याशी गाठ घाला, कारण प्रश्न बहुतेक वेळा त्या गाठीवरच असतो.

उदाहरणासाठी लांब जाऊ नका. मंगळवेढ्याचे दामाजीपंत घ्या. बहामनी काळातल्या दुष्काळात त्यांनी सरकारी कोठारे परवानगीविना लोकांसाठी खुली केली, अशी परंपरा आहे. बहुतेक जण ‘करुणेचे थोर उदाहरण’ एवढे लिहून पुढे जातात. परीक्षकाला त्यापुढचे हवे असते. कोठार दामाजींच्या मालकीचे नव्हते, ते राखणदार होते. म्हणजे इथे करुणा आणि विश्वस्ताची जबाबदारी समोरासमोर येतात. आजच्या अधिकाऱ्याला आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ चा आधार आहे, वरिष्ठांची तातडीची मंजुरी आहे, वाटपाची नोंद ठेवायची सोय आहे. करुणा तीच, पण ती कागदावर आणता येते. कथेत विठोबा महाराच्या रूपाने जाऊन धान्याची रक्कम भरतो. आज येतो तो लेखापरीक्षक. एवढे सहा-सात ओळींत बसते आणि उत्तर तुमचे स्वतःचे होते.

केस स्टडीत ‘मी प्रामाणिकपणे निर्णय घेईन’ यापलीकडे काय लिहायचे ते सुचत नाही. (बार्शी)

एक प्रसंग घेऊ. मे महिना आहे, तुम्ही प्रांताधिकारी आहात. एका गावाला टँकरच्या रोज पाच खेपा मंजूर आहेत. गावकरी म्हणतात तीनच येतात, पण नोंदवहीत पाचांवर ग्रामसेवकाच्या सह्या आहेत. कंत्राटदाराच्या बिलावर तुमची शिफारस हवी आहे. वरिष्ठ फोनवर सांगतात, ‘करून टाका’. कंत्राटदार म्हणतो, बिल अडले तर उद्यापासून टँकर बंद.

नेहमीचे उत्तर असे असते: बिल नाकारीन, कंत्राटदाराला काळ्या यादीत टाकीन, गुन्हा नोंदवीन. वाचायला बाणेदार, पण उद्या सकाळी हंडे घेऊन उभ्या राहिलेल्या बायकांना पाणी कोण देणार? शिवाय नोटीस आणि म्हणणे मांडायची संधी न देता काळ्या यादीत टाकले, तर तो आदेश न्यायालयात टिकत नाही. प्रामाणिक माणसाचा चुकीचा आदेश शेवटी कंत्राटदाराच्याच कामी येतो.

आता क्रम लावा. पहिली गोष्ट पाणी: जवळच्या खासगी विहिरीचे किंवा बोअरचे अधिग्रहण, शेजारच्या मार्गावरच्या टँकरची जादा खेप. हे आजच झाले की कंत्राटदाराच्या धमकीत दम उरत नाही. दुसरी गोष्ट पुरावा: टँकरची जीपीएस नोंद, गावातली नोंदवही आणि टँकर भरतो त्या उद्भवावरची नोंद, ही तिन्ही शेजारी-शेजारी ठेवून तारखेनुसार पडताळणी, आणि गावात जबाब व पंचनामा. बिलाबाबत ‘सगळे द्या’ आणि ‘सगळे अडवा’ यांच्या मधली वाट आहे. पडताळणीत खऱ्या ठरलेल्या खेपांची शिफारस करा, वादातली रक्कम चौकशी होईपर्यंत रोखा.

राहिला फोन. अखिल भारतीय सेवा (वर्तणूक) नियम, १९६८ नुसार वरिष्ठांचे निर्देश साधारणपणे लेखी असावेत आणि तोंडी निर्देशाची लेखी पुष्टी घ्यावी. म्हणून टिपणी लिहा: वस्तुस्थिती, पडताळणीतली तफावत, माझी शिफारस, आपल्या लेखी आदेशाची विनंती. वरिष्ठांवर आरोप करू नका. कदाचित त्यांना तफावत माहीतच नसेल. ग्रामसेवकालाही लगेच चोर ठरवू नका. सह्या दबावाखाली झाल्या का, ते चौकशीत विचारा. उत्तरात ही एक ओळ आली तरी भावनिक बुद्धिमत्तेवर वेगळा परिच्छेद लागत नाही.

शेवटी कायमचा उपाय दोन ओळींत: रोजच्या खेपा ग्रामपंचायतीच्या फलकावर लिहिणे आणि पोचपावतीवर गावातल्या दोन महिलांच्या सह्या. हितसंबंधीयांची, म्हणजे निर्णयाचा परिणाम ज्यांच्यावर होतो त्यांची, यादी मात्र तीन ओळींच्या वर नेऊ नका. सात नावांचे चक्र काढण्यात पाच मिनिटे जातात आणि हाती काही लागत नाही.

पेपर पूर्ण होत नाही. शेवटच्या दोन केस कोऱ्या राहतात. (सोलापूर शहर)

यूपीएससीच्या अलीकडच्या पेपरांची मांडणी बघा: अ विभागात दहा गुणांचे, १५० शब्दांचे १३ उपप्रश्न, ब विभागात २० गुणांच्या, २५० शब्दांच्या ६ केस. म्हणजे सुमारे ३,४५० शब्द आणि १८० मिनिटे. उपप्रश्नाला ७ मिनिटे धरली तर ९१, केसला १४ धरली तर ८४; हातात उरतात पाच. पहिल्या तीन उत्तरांना दहा-दहा मिनिटे दिली की तिथेच नऊ मिनिटे जादा गेली. शेवटची केस कोरी राहते ती तिथे.

मराठीत लिहिणाऱ्यांना एक सोय आहे. आपले विभक्तीप्रत्यय शब्दालाच चिकटतात, त्यामुळे तोच आशय कमी शब्दांत मावतो. १५० शब्द भरण्याचा अट्टहास नको. ११०-१२० नेमके शब्द पुरतात. केस आधी की उपप्रश्न आधी, यावर वाद घालत बसू नका. केस आधी घेतल्या तर ९० व्या मिनिटाला पेन उचलून अ विभागाकडे वळायचे, एवढी शिस्त पाळा.

मराठी माध्यम घेतले आहे. यूपीएससीचा पेपर हिंदी-इंग्रजीतच छापलेला असतो. शब्दांत गोंधळ होतो. (पंढरपूर)

प्रश्न इंग्रजीतून वाचा, हिंदी फक्त पडताळणीला ठेवा. लिपी एक असल्यामुळे हिंदी शब्द आपलेच वाटतात आणि तिथेच फसगत होते. हिंदीतले ‘संशोधन’ म्हणजे कायद्यातली दुरुस्ती, मराठीत ते रिसर्च. हिंदीत ‘शिक्षा’ म्हणजे शिक्षण. ‘शिक्षा में नैतिकता’ वाचून दंडावर उत्तर लिहिले तर सगळ्यावर पाणी पडले.

अभ्यासक्रमातल्या शंभरेक संज्ञांची वही करा आणि प्रत्येकीला एकच मराठी शब्द कायम ठेवा. इंटिग्रिटीला सचोटी, प्रोबिटीला शुचिता, एम्पथीला समानुभूती, सिम्पथीला सहानुभूती, कम्पॅशनला करुणा. एकाच उत्तरात कधी सचोटी, कधी सत्यनिष्ठा असे लिहिले की परीक्षकाला दोन वेगळ्या गोष्टी वाटतात.

सुशासनासाठी कोणते कायदे करायचे? कलमे पाठ होत नाहीत. (करमाळा)

कलमे सोडा. चुकीचा कलम क्रमांक नसलेल्या क्रमांकापेक्षा महाग पडतो. प्रत्येक कायद्यातला वापरता येईल असा एक आकडा किंवा एक तरतूद लक्षात ठेवा. माहिती अधिकार, २००५: माहिती ३० दिवसांत, जीविताचा किंवा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर ४८ तासांत, विलंबाला रोज २५० रुपये दंड, कमाल २५,०००. महाराष्ट्राचा बदल्या व विलंब प्रतिबंधाचा २००५ चा कायदा: साधारणपणे सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त काळ फाइल एका टेबलावर पडून राहू नये. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५: कसूर करणाऱ्या पदनिर्देशित, म्हणजे ती सेवा देण्यासाठी नेमलेल्या, अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये शास्ती. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याची २०१८ ची दुरुस्ती: लाच देणाराही दोषी, मात्र सक्तीने द्यावी लागली असेल तर सात दिवसांत तक्रार करायची. याला जोड म्हणून दुसऱ्या प्रशासकीय सुधारणा आयोगाचा चौथा अहवाल (२००७, शासनातील नीतिमत्ता) आणि ब्रिटनच्या नोलन समितीची सार्वजनिक जीवनातल्या वर्तनाची १९९५ ची सात तत्त्वे. एवढे पुष्कळ झाले.

आणि एक काम करा. करमाळ्याच्या तहसील कार्यालयात जा. २०१५ च्या कायद्यानुसार सेवा, मुदत, पदनिर्देशित अधिकारी आणि अपिलीय अधिकारी यांचा फलक तिथे लावलेला असायला हवा. उत्पन्नाच्या दाखल्याची ओळ शोधा आणि चारही रकाने वहीत उतरवून घ्या. फलक नसेल किंवा मुदतीचा रकाना कोरा असेल, तर तेही लिहून ठेवा; ‘नागरिकांची सनद का अपयशी ठरते’ या प्रश्नाला ते कामी येईल.