डिस्चार्ज कार्डावर 'जुन्या गोळ्या बंद' लिहिलंच नाही, आता काय करायचं?

साताऱ्याच्या एका ताईंनी विचारलंय. वडील ७१ वर्षांचे, जुनी शुगर, खुब्याचं हाड मोडलं म्हणून पुण्यात खाजगी हॉस्पिटलमध्ये ऑपरेशन झालं. वॉर्डात इन्सुलिन सुरू केलं आणि घरी पण तेच द्या म्हणाले, पण आधीच्या शुगरच्या गोळ्या बंद करायच्या हे ना कुणी बोललं ना कार्डावर लिहिलं. घरच्यांनी दोन्ही दिलं, चौथ्या दिवशी पहाटे वडील बेशुद्ध, शुगर ३४, मग साताऱ्यात आयसीयू. आता पुण्याचं हॉस्पिटल म्हणतंय 'सगळं समजावलं' या कागदावर तुमची सही आहे. कागद इंग्रजीत.

ताई, आधी वडील सावरले हे बरं झालं. आणि त्या सहीचं फार टेन्शन घेऊ नका, सही केली म्हणून निष्काळजीपणा माफ होत नाही. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाच्या २०१८ च्या रुग्णहक्क सनदेत माहिती पेशंटला समजेल अशा भाषेत द्यायची असंच म्हटलंय, आणि महाराष्ट्रात २०२१ च्या नियमांनुसार रुग्णहक्कांची सनद हॉस्पिटलमध्ये लावावी लागते, तुम्हाला कुठे दिसली होती का बघा आठवून.

पण खरी लढाई वेगळीच आहे. ॲडमिट करताना तुम्ही जुन्या गोळ्यांची नावं सांगितली होती का? ती हिस्ट्री शीटवर (ॲडमिट करताना लिहून घेतलेली पेशंटच्या जुन्या आजार-औषधांची माहिती) असतील आणि औषधांच्या चार्टवर वॉर्डात त्या बंद केलेल्या दिसत असतील, तर डॉक्टरांना माहीत होतं हे त्यांच्याच कागदांवरून निघतं, मग कार्डावर का आलं नाही याचं उत्तर त्यांना द्यावं लागेल. सांगितलंच नसेल तर केस लंगडी आहे, खोटं कशाला बोलू. म्हणून नोटीस-बिटीस नंतर, आधी इनडोअर केस पेपर्स मागा. सगळे, म्हणजे नर्सिंग नोट्स, औषधांचा चार्ट, शुगरचा चार्ट पण, नुसती डिस्चार्ज समरी नको. अर्ज लेखी द्या, पोच घ्या. २००२ च्या मेडिकल कौन्सिलच्या नियमांप्रमाणे मागितल्यापासून ७२ तासांत कॉपी द्यावी लागते, 'महिन्याभराने या' वगैरे चालत नाही.

तुम्ही लिहिलंय की इन्शुरन्सच्या मंजुरीची वाट बघण्यात दिवस गेला आणि रात्री साडेआठला घाईघाईत कागद हातात दिले. हे मी अशिलांकडून इतक्यांदा ऐकलंय ना! सकाळची सिस्टर जिला सगळं माहीत ती घरी गेलेली, रात्रीची नुसतं कार्ड वाचून दाखवते. आयआरडीएआय, म्हणजे विमा कंपन्यांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था, तिच्या २०२४ च्या सर्क्युलरप्रमाणे हॉस्पिटलने मागणी पाठवल्यापासून ३ तासांत फायनल मंजुरी यायला हवी, त्यापुढचा उशीर विमा कंपनीचा. पण कार्डावर काय लिहायचं ही जबाबदारी हॉस्पिटलचीच, डिस्चार्ज हा उपचाराचाच भाग आहे.

पैसे देऊन घेतलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्यात येते हे सुप्रीम कोर्टाने १९९५ लाच सांगितलंय, त्यामुळे भरपाईसाठी ग्राहक आयोग. त्यासाठी पुण्याला हेलपाटे नकोत, २०१९ च्या कायद्याने तुम्ही राहता तिथे, म्हणजे साताऱ्यातच तक्रार करता येते. मुदत २ वर्षं. हॉस्पिटलचं बिल ५ लाखांच्या आत असेल तर फी पण नाही. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडेही जाता येतं पण तिथे डॉक्टरवर कारवाई होते, पैसे मिळत नाहीत. आणि तुमचे भाऊ म्हणतायत तसं पोलिसात नका धावू, डॉक्टरवर गुन्हा लावायला निष्काळजीपणा फारच ढोबळ लागतो (सुप्रीम कोर्ट, २००५), उगाच वर्ष जाईल.

साताऱ्याच्या आयसीयूतल्या डॉक्टरांकडून एक काम करून घ्या, शुगर कशामुळे पडली ते त्यांच्या समरीत स्पष्ट लिहून मागा. 'इन्सुलिन आणि गोळ्या दोन्ही चालू होतं' एवढी ओळ आली तरी खूप झालं. आणि त्या गोळ्यांची अर्धी राहिलेली स्ट्रिप फेकली नसेल तर कार्डासोबत एका पाकिटात घालून ठेवा, त्याआधी दोन्हीचे फोटो काढा.