साखरपुड्याच्या अंगठीसाठी हिरा व्हीव्हीएस१ घ्यावा की एसआय१?

मडगावच्या दुकानात तुम्हाला अर्ध्या कॅरटचे दोन गोल हिरे दाखवले: एक व्हीव्हीएस१, दुसरा बराच स्वस्त एसआय१. या क्लॅरिटीच्या, म्हणजे आतल्या डागांवरून ठरणाऱ्या स्वच्छतेच्या, श्रेणी: व्हीव्हीएस१ बरीच वरची, व्हीएस२ त्याखालची, एसआय१ व्हीएस२च्या लगेच खालची. रोज घालायच्या अंगठीसाठी व्हीव्हीएस१चे जादा पैसे मोजू नका. ते पैसे चांगल्या कटला, म्हणजे पैलू पाडण्याच्या दर्जाला, लावा, चमक तिथून येते. व्हीएस२ किंवा नीट पारखलेला एसआय१ पुरेसा आहे.

पारखायचं अशासाठी, की क्लॅरिटीची श्रेणी १० पट भिंगाखाली ठरते आणि एकाच श्रेणीतले दोन खडे नुसत्या डोळ्यांना अगदी वेगळे दिसू शकतात. कडेला पांढरा स्फटिक असेल तर तो कोंदणात झाकला जातो. तोच काळा आणि मधल्या सपाट पैलूखाली असेल, तर खालच्या पैलूंत त्याची प्रतिबिंबं उमटतात आणि एकाचे चार डाग दिसतात.

दुकानातल्या स्पॉटलाइटखाली कुठलाही हिरा झगमगतो. खडा पुसून घ्या, दाराशी सावलीतल्या उजेडात न्या (थेट उन्हात नको) आणि वीतभर अंतरावरून, तिरपा करत बघा. मग १० पटचं लूप (जवाहिऱ्याचं छोटं भिंग) अगदी डोळ्याशी धरा आणि खडा साधारण अडीच सेंटीमीटरवर आणा. वरून, कडेने आणि खालूनही बघा. ठिपका दिसला तर पुन्हा पुसा. धूळ असेल तर जाईल, आतला डाग जागचा हलणार नाही.

सर्टिफिकेटवर आतल्या डागांची क्लाउड (बारीक ठिपक्यांचा पुंजका), फेदर, क्रिस्टल (आतला स्फटिक) अशी नावं असतात. अर्ध्या कॅरटच्या छोट्या सर्टिफिकेटवर बहुधा डागांचा नकाशा नसतो, त्यामुळे प्रत्यक्ष बघणं आलंच. फेदर म्हणजे चीर. ती गर्डलपर्यंत, म्हणजे हिऱ्याच्या कडेपर्यंत, पोचत असेल तर खडा सोडा. जडवताना नखी (खडा धरून ठेवणारा अंगठीचा आकडा) दाबली किंवा पुढे अंगठी ओट्यावर आपटली की तिथूनच कपची उडू शकते. 'न दाखवलेल्या क्लाउडवरून श्रेणी दिली' अशा अर्थाचा शेरा एसआय खड्यावर असेल तर जास्तच जपून. असा हिरा कधीकधी दुधाळ दिसतो, आणि तो दोष लूपपेक्षा नुसत्या डोळ्यांना लवकर कळतो. शेजारी स्वच्छ खडा ठेवून बघा.

एसआय३ सांगितलं तर जीआयएच्या (हिरे तपासून सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेच्या) श्रेणीत ते नाहीच, हे लक्षात असू द्या. चीर काचेसारख्या पदार्थाने भरलेला हिरा जीआयए श्रेणीसाठी घेतच नाही, म्हणून सर्टिफिकेटशिवायच्या स्वस्त खड्याबद्दल तसं काही केलंय का ते विचारा आणि उत्तर बिलावर लिहून घ्या. गर्डलवर लेझरने कोरलेला नंबर असेल तर तो सर्टिफिकेटशी जुळतो का, हे जडवायच्या आधीच बघा. नंतर तो नखीखाली जाऊ शकतो.