पिल्लाचं डोकं थरथरतं, तोल जातो... काय झालं असेल?

प्रश्न: नमस्कार डॉक्टर, आमच्याकडे साधारण ७ आठवड्यांचं पिल्लू आलंय, मिक्स ब्रीड आहे, खूप लाघवी. पण त्याचं डोकं थरथरतं, म्हणजे नुसतं बसलेलं असेल तेव्हा कमी पण खायला गेलं की एकदम जास्त, तोंड वाटीत नीट जातच नाही, कधी बाजूला जातं कधी आत आपटतं. चालताना पाय फाकवून चालतं आणि वळताना धपकन पडतं. झोपलं की मात्र एकदम शांत. भूक चांगली आहे, खेळतं पण. बरोबरची बाकीची पिल्लं व्यवस्थित आहेत असं कळलं. कोणी म्हणतं अशक्तपणा आहे कॅल्शियम द्या, कोणी म्हणतं डिस्टेंपर (कुत्र्यांचा व्हायरल आजार) आहे आता काही खरं नाही, आणि एकाने तर सरळ सांगितलं की इंजेक्शन देऊन मोकळं करा. घरात सगळे रडकुंडीला आलेत. नक्की काय असेल आणि हे बरं होतं का?

उत्तर: आधी ते इंजेक्शन देऊन मोकळं करायचं डोक्यातून काढून टाका. जे पिल्लू पोटभर खातंय, खेळतंय, शांत झोपतंय, त्याच्याबद्दल असा निर्णय घ्यायची घाई कोणीच करू नये, मला तर हा सल्ला ऐकला की फार वाईट वाटतं. आणि तुम्ही इतकं नीट बघून लिहिलंय ना, की त्याचाच खूप उपयोग होतोय, कारण अशा केसमध्ये रोगाचं नाव शोधण्याआधी थरथर कधी होते, कधी थांबते आणि दिवसागणिक वाढत चाललीये का, हे कळावं लागतं.

झोपेत थांबते, खायला गेलं की वाढते, पाय फाकवून उभं राहतं, हे तीन एकत्र दिसले की पहिलं लक्ष लहान मेंदूकडे जातं. डोक्याच्या मागच्या बाजूला असलेला हा भाग हालचालीचं माप ठरवतो, किती पुढे जायचं, कुठे थांबायचं. तो जन्मतःच नीट वाढलेला नसेल तर त्याला सेरेबेलर हायपोप्लेजिया म्हणतात. अशा पिल्लाच्या पायात ताकद असते पण माप चुकतं, म्हणून पाय गरजेपेक्षा उंच उचलला जातो आणि तोंड वाटीच्या पुढे निघून जातं. पिल्लं साधारण ३ आठवड्यांची झाली की चालायला लागतात, त्यामुळे त्याआधी कोणाच्या लक्षातच येत नाही. कारणं वेगवेगळी असतात, आई गाभण असताना किंवा जन्मानंतर लगेच झालेलं व्हायरल इन्फेक्शन, काही ब्रीडमध्ये आनुवंशिक दोष, उदाहरणार्थ एअरडेल आणि चाऊ चाऊ. एकाच वेतातलं एक पिल्लू असं आणि बाकीची ठीक, असंही होतं. मांजराच्या पिल्लांमध्ये तर पॅनल्युकोपेनिया या मांजरांच्या आजाराच्या व्हायरसमुळे हे नेहमी दिसतं.

याला औषध नाही, हे स्पष्ट सांगते. पण हा त्रास वाढतही नाही, दुखतही नाही आणि आयुष्यही सहसा त्यामुळे कमी होत नाही. उलट पुढच्या काही महिन्यांत पिल्लू स्वतःच शिकतं, डोळ्यांचा आधार घेतं, भिंतीला टेकून वळतं, आणि बऱ्याच जणांचं बघता बघता पुष्कळ सुधारतं. पूर्ण नॉर्मल चालेल असं नाही, पण माणसांवर जीव लावणारं, हुशार, आनंदी कुत्रं होऊ शकतं. कॅल्शियम मात्र मनाने अजिबात सुरू करू नका, याचा त्याच्याशी संबंध नाही आणि वाढत्या वयात जास्तीचं कॅल्शियम हाडांचं नुकसान करतं, विशेषतः मोठ्या ब्रीडच्या पिल्लांमध्ये.

आता एक अट आहे. हे सगळं "वाढत नाहीये" यावर अवलंबून आहे. काही पिल्लं जन्मतः चांगली असतात आणि नंतर लहान मेंदूतल्या पेशी मरायला लागतात, त्याला अबायोट्रॉफी म्हणतात, केरी ब्लू टेरियर, गॉर्डन सेटर वगैरे ब्रीडमध्ये हे माहीत आहे. सुरुवातीला दोन्ही अगदी सारखे दिसतात. फरक कळतो तो वेळेने. म्हणून दर आठवड्याला त्याच जागी, त्याच फरशीवर चालतानाचा, खातानाचा आणि झोपलेला असा व्हिडिओ काढून ठेवा. तपासायला नेलं की पिल्लं घाबरून वेगळीच वागतात, त्यामुळे घरचा व्हिडिओ आम्हाला खूप उपयोगी पडतो, कधी कधी एखाद्या टेस्टपेक्षा जास्त.

डिस्टेंपरचं म्हणाल तर ती शंका मी हसण्यावारी नेणार नाही. लस न झालेल्या पिल्लात हा आजार सर्रास होतो आणि आधी ताप, डोळ्यानाकातून घाण, खोकला, जुलाब होऊन गेल्यावर काही आठवड्यांनी मेंदूची लक्षणं दिसतात, कधी आधीचं आजारपण इतकं हलकं असतं की कळतही नाही. पण त्यातली हालचाल वेगळी असते, एखादा पाय किंवा जबडा किंवा डोक्याची बाजू ठेक्यात उडत राहते, आणि झोपेतही उडते, ही खूण लक्षात ठेवा. काहींना च्युइंगम चघळल्यासारखे जबड्याचे झटके येतात, नाकाची आणि पंजाच्या गाद्यांची कातडी कडक होते. तुमचं पिल्लू झोपेत शांत आहे, ही चांगली गोष्ट, पण नुसत्या पत्रावरून डिस्टेंपर नाहीच असं मी म्हणणार नाही, त्याची टेस्ट होते ती करून घ्या आणि रिझल्ट येईपर्यंत दुसऱ्या कुत्र्यांपासून लांब ठेवा. तपासून ठीक निघालं की लसीकरण वेळेत करा, ६ ते ८ आठवड्यांपासून सुरू करून १६ आठवड्यांपर्यंत डोस पूर्ण व्हायला हवेत. थरथर आहे म्हणून लस टाळायची नसते, हे खूप जण चुकीचं समजतात.

अजून एक प्रकार असतो ज्यात नसांवरचं आवरण नीट तयार झालेलं नसतं, त्यात फक्त डोकं नाही तर सगळं अंग, विशेषतः मागचा भाग उडतो, उत्साहात वाढतो आणि झोपेत थांबतो, चाऊ चाऊ आणि वायमरानरमध्ये तो वयाबरोबर बराच कमी होतो. डोक्यात पाणी साठणं हे पण एक कारण, घुमटासारखं गोल डोकं, डोक्यावरची टाळू उघडी, डोळे खाली-बाहेर वळलेले, आणि पिल्लू काही शिकतच नाही असं दिसलं तर ते बघावं लागतं.

थरथर जर काल नव्हती आणि आज अचानक सुरू झाली असती तर माझं उत्तर पूर्ण वेगळं असतं. तेव्हा पहिला संशय विषाचा. बुरशी आलेलं शिळं अन्न, चॉकलेट, गोगलगायी किंवा उंदीर मारायचं औषध, मोठ्या कुत्र्याचं गोचिडाचं औषध लहान पिल्लाला लावणं, सिगारेटचं थोटूक, माणसांच्या गोळ्या. जुलाबासाठी दिलेल्या मेट्रोनिडॅझोलचा डोस जास्त झाला तरी पिल्लू तोल जाऊन पडायला लागतं. कोलीसारख्या काही ब्रीडना आयव्हरमेक्टिन या जंत-किड्यांवरच्या औषधाचे मोठे डोस आनुवंशिक कारणाने सोसत नाहीत. अशा वेळी घरी उलटी काढायचा प्रयत्न करू नका, थरथरणाऱ्या पिल्लाच्या फुप्फुसात उलटी जाऊ शकते, सरळ उचला आणि दवाखाना गाठा, खाल्लेल्या वस्तूचं पाकीट सोबत न्या.

रेबीजबद्दल पण लिहावंच लागेल. तुमचं पिल्लू खातंय पितंय, त्यामुळे शक्यता कमी वाटते. पण कुठून आलंय माहीत नसलेलं पिल्लू अचानक वेगळं वागायला लागलं, गिळता येईना, लाळ गळतीये, जबडा लोंबतोय, चावतंय आणि दोन-चार दिवसांत झपाट्याने बिघडतंय, तर त्याच्या तोंडात हात घालू नका. चावलं, ओरखडलं किंवा जखमेला लाळ लागली तर साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी माणसांच्या डॉक्टरकडे लसीसाठी जा, थांबून बघू म्हणू नका.

बाकी तुमच्यासाठी सध्या एवढंच, की एकदा नीट न्यूरॉलॉजिकल तपासणी, रक्तातली साखर, लिव्हर आणि जंतासाठी शी तपासून घ्या. एमआरआयने लहान मेंदूचा आकार दिसतो पण त्यासाठी भूल द्यावी लागते, त्रास वाढत नसेल तर मी लगेच करा म्हणणार नाही. घरात गुळगुळीत फरशीवर रबरी मॅट टाका, वाटी जड आणि उथळ घ्या आणि थोडी उंचीवर ठेवा, जिना बंद करा, पाण्याच्या बादल्या झाका आणि गळ्याला पट्ट्याऐवजी हार्नेस घाला. पडलं की प्रत्येक वेळी उचलू नका, त्याला स्वतः उठू द्या, त्यातूनच ते शिकणार आहे.

प्रश्न: माझं चिवावा पिल्लू अडीच महिन्यांचं आहे. सकाळी उठल्यावर थरथर कापत होतं, उभं राहता येत नव्हतं, डोळे शून्यात. दूध-खाणं दिल्यावर अर्ध्या तासात ठीक झालं. परत तसंच झालंय. काय करू?

उत्तर: हे साखर कमी झाल्याचं चित्र आहे आणि इतक्या छोट्या पिल्लात ते जिवावर बेतू शकतं. त्यांच्या लिव्हरमध्ये साठा फारच कमी असतो, रात्रभर उपाशी राहिलं, थंडी लागली, जंत असले, जास्त खेळलं की लगेच लो होतं. परत झालं तर ग्लुकोजचं किंवा साखरेचं घट्ट पाणी बोटाने हिरड्यांना चोळा, शुद्ध नसेल तर तोंडात ओतू नका, श्वासनलिकेत जाईल. ऊब द्या आणि ठीक वाटलं तरी दवाखान्यात न्याच. दिवसातून ४-५ वेळा खायला द्या, त्यातलं एक अगदी झोपायच्या आधी. आणि झायलिटॉल (साखरेऐवजी वापरतात तो गोड पदार्थ) असलेलं शुगर-फ्री काही घरात असेल तर पूर्ण लांब ठेवा, त्याने कुत्र्यांची साखर धाडकन उतरते.

वेळेवर खाऊनही होतंय, किंवा उलट खाल्ल्यावरच गुंगी येते, भिंतीला डोकं लावून उभं राहतं, वाढ खुंटलीये, असं असेल तर लिव्हर शंट बघायला लागेल, यात आतड्याकडून येणारं रक्त लिव्हरला बगल देऊन जातं. खाण्याआधी आणि खाल्ल्यानंतर २ तासांनी बाइल ॲसिडची टेस्ट करतात. बऱ्याच पिल्लांना ऑपरेशनने चांगला गुण येतो.

प्रश्न: आमचा बुलडॉग १० महिन्यांचा आहे, मधेच डोकं "नाही नाही" केल्यासारखं हलतं, दोन-तीन मिनिटांत थांबतं. फिट आहे का?

उत्तर: त्या वेळी हाक मारून आवडीचा खाऊ दाखवा. शुद्धीत आहे, तुमच्याकडे बघतोय, खाऊ दिला की हलणं थांबतं, तर ती फिट असायची शक्यता कमी. बुलडॉग, बॉक्सर, डॉबरमनमध्ये असे डोक्याचे झटके येतात, कारण सापडत नाही आणि सहसा औषध लागत नाही. पण शुद्ध गेली, शी-शू झाली, पाय ताठ झाले, तर फिट समजूनच तपासा.

प्रश्न: पिल्लू मान एका बाजूला वाकडी करून गोल गोल फिरतंय, त्याच बाजूला पडतंय. घरी कानाचे ड्रॉप्स आहेत, टाकू का?

उत्तर: नको. मान वाकडी, गोल फिरणं आणि डोळ्यांची बुबुळं झटक्याने हलणं हे आतल्या कानाच्या इन्फेक्शनमध्ये नेहमी दिसतं, पण कानाचा पडदा फाटलेला असेल तर काही ड्रॉप्समुळे कायमचा बहिरेपणा येऊ शकतो. आधी व्हेटकडून पडदा बघून घ्या, मगच कानात काय टाकायचं ते ठरेल.