पशुवैद्यकीय प्रवेशाची शक्यता रुपयांत कशी मोजावी?

पुण्यातील धनकवडी येथील एका वाचक भगिनींनी पाठवलेले पत्र थोडक्यात असे आहे. त्यांच्या मुलीला पशुवैद्यच व्हायचे आहे. बारावीत तिला चांगले गुण आहेत, परंतु नीटमध्ये ७२० पैकी ४३३ गुण मिळाले असून, खुल्या वर्गातून गेल्या वर्षी राज्यातील शेवटच्या फेरीत झालेल्या शेवटच्या प्रवेशाच्या मानाने तिचा क्रमांक थोडा मागे आहे. एका मध्यस्थाने परराज्यातील खासगी पशुवैद्यकीय महाविद्यालयात वार्षिक साडेचार लाख रुपये शुल्कावर जागा देऊ केली असून, आठ दिवसांत दोन लाख रुपये रोख भरण्यास सांगितले आहे. दुसरा मार्ग म्हणजे १ लाख ८० हजार रुपये भरून क्लास लावणे आणि एक वर्ष थांबून पुन्हा नीट देणे. पती ४९ वर्षांचे असून खासगी कंपनीत नोकरी करतात, दोघांचे मिळून दरमहा १ लाख ५ हजार रुपये हातात येतात, घराच्या कर्जाचा २६ हजारांचा हप्ता अजून नऊ वर्षे आहे, धाकटा मुलगा आठवीत आहे. नऊ लाखांच्या ठेवी आहेत आणि मुलीच्या सुकन्या समृद्धी खात्यात ६ लाख २० हजार रुपये आहेत. ‘आम्ही काय करावे?’ असा त्यांचा प्रश्न आहे.

आपल्या पत्रातील एक वाक्य मी दोनदा वाचले. २०२२ मध्ये जनावरांमध्ये लम्पी त्वचारोगाची साथ आली तेव्हा आपली कन्या भोर तालुक्यातील आजोळी मामांच्या गोठ्यात रोज डॉक्टरांबरोबर थांबत असे, हे ते वाक्य. ज्या मुलीने जनावराच्या अंगावरच्या गाठी, त्याचा ताप आणि मालकाची घालमेल जवळून पाहिली आहे आणि तरीही जिला हेच काम करायचे आहे, तिची आवड खरी आहे असे मी मानतो. त्यामुळे ‘हा नाद सोडून द्यावा’ असा सल्ला मी देणार नाही. प्रश्न एवढाच उरतो की, ही पदवी कोणत्या किमतीला घ्यायची.

प्रथम प्रवेशाची शक्यता पाहू, कारण पुढचा सगळा हिशेब तिच्यावर उभा आहे. बहुतेक पालक गेल्या वर्षीचे कट-ऑफ गुण आणि यंदाचे गुण शेजारी ठेवून निर्णय घेतात, आणि तिथेच चूक होते. २०२४ मध्ये नीटचे सुधारित निकाल लागल्यानंतरही १७ विद्यार्थ्यांना पैकीच्या पैकी ७२० गुण होते आणि खुल्या वर्गाची पात्रता १६२ गुणांवर होती, तर २०२५ मध्ये पेपर इतका अवघड निघाला की देशात पहिल्या आलेल्या विद्यार्थ्यालाच ६८६ गुण मिळाले आणि पात्रता १४४ वर आली. म्हणजे एका वर्षाचे ४३३ आणि दुसऱ्या वर्षाचे ४३३ हे एकच गुण नव्हेत. तुलना करायची ती अखिल भारतीय क्रमांकाची, आणि तीही आपल्याच प्रवर्गातील शेवटच्या फेरीच्या यादीशी. आपण क्रमांकावरूनच अंतर काढले आहे, हे योग्य केले.

पहिल्या फेरीच्या यादीवरून निराश होऊ नये, असे मी आग्रहाने सांगतो. एमबीबीएस आणि बीडीएसच्या फेऱ्या पुढे सरकतात तसे वरचे अनेक विद्यार्थी पशुवैद्यकीय जागा सोडून जातात आणि यादी खाली येते. राज्यातील जागा नागपूरच्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठामार्फत, म्हणजे माफसूमार्फत भरल्या जातात. नागपूर, मुंबई, परभणी, उदगीर आणि आपल्यापासून जेमतेम पन्नास किलोमीटरवरचे शिरवळ ही त्यांतील जुनी महाविद्यालये होत. जागा काही शेकड्यांतच आहेत, त्यामुळे दहा-वीस विद्यार्थी हलले तरी यादीवर परिणाम दिसतो. याशिवाय पंधरा टक्के जागा भारतीय पशुवैद्यक परिषद अखिल भारतीय कोट्यातून भरते आणि तिची नोंदणी स्वतंत्रपणे करावी लागते. पुण्यातील अनेक कुटुंबे ही नोंदणी करतच नाहीत, कारण त्यांच्या डोळ्यांसमोर फक्त शिरवळ आणि मुंबई असते. गुजरातेतील आणंद, केरळमधील मण्णुत्ती, राजस्थानातील बिकानेर, अगदी मिझोराममधील सेलेसीह येथेही शासकीय महाविद्यालये आहेत आणि तिथली पदवी तितकीच मान्यताप्राप्त आहे. परराज्यात पाठवायची आपली तयारी आहेच, तर ती आधी या जागांसाठी वापरावी. दोन्हीकडील शेवटची फेरी संपेपर्यंत दुसरा कोणताही निर्णय घेऊ नये. नोंदणीचा खर्च काही हजारांचा आहे आणि या संपूर्ण व्यवहारात याहून स्वस्त संधी मला दिसत नाही.

आता समजा, दोन्हीकडे जागा मिळाली नाही. मग खासगी महाविद्यालय आणि पुन्हा परीक्षा यांतून निवड करावी लागेल, आणि इथे मी आकडे मांडतो. पदवीचा काळ साडेचार वर्षे शिक्षण आणि एक वर्ष इंटर्नशिप असा साडेपाच वर्षांचा आहे. मध्यस्थाने पाच वर्षांचे शुल्क सांगितले आहे, ते साडेबावीस लाख होते. वसतिगृह, मेस आणि प्रवास यांसाठी वर्षाला १ लाख ३० हजार धरले तर आणखी सुमारे सव्वासात लाख, म्हणजे एकूण जवळपास ३० लाख. शासकीय महाविद्यालयासाठी राहण्या-जेवण्यासह वर्षाला दोन लाख असा वरचा अंदाज मी धरतो. त्याचे ११ लाख होतात. दोहोंतील फरक १९ लाखांचा.

या १९ लाखांच्या बदल्यात काय मिळते, हे नीट पाहावे. पदवी तीच, परिषदेची नोंदणी तीच. पशुधन विकास अधिकारी हे गट-अ मधील पद लोकसेवा आयोगाच्या परीक्षेतून मिळते आणि त्याचे मूळ वेतन ५६ हजार १०० रुपयांपासून सुरू होते. ते शिरवळच्या पदवीधराला जास्त आणि खासगीच्या पदवीधराला कमी असे नसते, आणि दवाखाना काढला तर लोक हात पाहतात, महाविद्यालय विचारत नाहीत. म्हणजे १९ लाख रुपये भरून आपण विकत घेतो ते एक वर्ष आणि त्याबरोबर प्रवेशाची निश्चिती. निश्चितीला मोल आहे, हे मी नाकारत नाही, पण ते किती हे काढता येते.

एक वर्ष थांबण्याची किंमत शून्य नाही. क्लासचे १ लाख ८० हजार आणि कमाईचे एक वर्ष पुढे गेल्याचे, माझ्या अंदाजाने, पाच लाख, असे ६ लाख ८० हजार रुपये धरू. पुन्हा परीक्षा देऊन शासकीय जागा मिळाली, तर १९ लाख वाचून त्यातून हे ६ लाख ८० हजार वजा होतील, म्हणजे आपण १२ लाख २० हजारांनी पुढे असाल. जागा मिळाली नाही आणि पुढच्या वर्षी खासगीतच जावे लागले, तर ६ लाख ८० हजारांनी मागे पडाल. ही दोन पारडी ३६ टक्क्यांवर समान होतात. पुढील वर्षी शासकीय जागा मिळण्याची शक्यता तीनात एकापेक्षा स्पष्टपणे जास्त असेल, तर थांबणे पैशाच्या दृष्टीने योग्य ठरते, आणि ती त्याखाली असेल तर ठरत नाही. कर्जाचे व्याज मी या हिशेबात अजून धरलेलेच नाही, आणि ते धरल्यास पारडे थांबण्याकडे आणखी झुकते.

मग आपल्या कन्येची शक्यता किती? इथे तिने पाठवलेला विषयवार तपशील महत्त्वाचा आहे. जीवशास्त्रात ३६० पैकी २९०, रसायनशास्त्रात १८० पैकी ९५ आणि भौतिकशास्त्रात १८० पैकी ४८. भौतिकशास्त्राच्या ४५ प्रश्नांपैकी तिने ३७ सोडवले, त्यांतील १७ बरोबर आणि २० चूक. पालक अशा वेळी मुलांना ‘अंदाजाने उत्तरे का दिलीस?’ असे रागावतात, पण चार पर्यायांत बरोबर उत्तराला चार गुण आणि चुकीला एक वजा असताना सरासरीने अंदाज तोट्याचा ठरत नाही. मूळ अडचण वेगळी आहे. भौतिकशास्त्राचा निम्म्याहून अधिक भाग तिला आलेलाच नाही. हे वाचून वाईट वाटेल, परंतु माझ्या हिशेबात ही चांगली बातमी आहे, कारण वाढीला जागा आहे. जीवशास्त्रात २९० मिळवणारी मुलगी अभ्यासू आहे यात शंका नाही, आणि एकाच विषयात ४८ वरून ८० पर्यंत जाणे हे तीनही विषयांत थोडे थोडे वाढवण्यापेक्षा सोपे असते. तशाच काठिण्याच्या पेपरात तेवढ्या वाढीने मागे पडलेले अंतर भरून निघावे. म्हणून मी तिची शक्यता निम्म्याच्या आसपास धरतो. याउलट जीवशास्त्रात २२० आणि बाकी विषयांत बरे गुण असते, तर मी हे धाडसाने लिहिले नसते.

खासगीचा मार्ग घेतल्यास पैसा कुठून येईल, हेही पाहू. नऊ लाखांच्या ठेवींतील साडेतीन लाख संकटकाळासाठी राखून ठेवावेत, त्यांना हात लावू नये. उरतात साडेपाच लाख. सुकन्या खात्यातून दहावीनंतरच्या शिक्षणासाठी मागील आर्थिक वर्षअखेरच्या शिलकीच्या निम्म्यापर्यंत रक्कम प्रत्यक्ष शुल्काच्या मर्यादेत काढता येते. ती एकरकमी किंवा वर्षाला एक याप्रमाणे पाच हप्त्यांतही घेता येते. त्यातून ३ लाख १० हजार मिळतील. दरमहा आठ हजार बाजूला काढले तर साडेपाच वर्षांत सुमारे सव्वापाच लाख. असे १४ लाख जमतात आणि १६ लाखांचे कर्ज उरते.

हे कर्ज साडेदहा टक्क्यांनी वर्षाला ३ लाख २० हजार याप्रमाणे पाच वर्षे उचलले आणि शिक्षणानंतरची एक वर्षाची सवलत संपेपर्यंत काहीच भरले नाही, तर साध्या व्याजानेही ते साडेतेवीस लाखांवर जाते, आणि मग दहा वर्षे दरमहा जवळपास ३२ हजारांचा हप्ता बसतो. एकूण परतफेड ३८ लाखांच्या घरात जाते. शिकत असतानाच व्याज भरत गेलात तर हे टळेल, पण पहिल्या वर्षी दरमहा २८०० रुपयांपासून सुरू होणारे ते व्याज पाचव्या वर्षी १४ हजारांवर पोहोचेल. हप्ता सुरू होईल तेव्हा आपले पती साडेपंचावन्न वर्षांचे असतील, घराच्या कर्जाची अडीच वर्षे उरलेली असतील, आणि धाकटा त्या वेळी महाविद्यालयात असेल. कर्ज मुलीच्या नावावर असले तरी सह-कर्जदार आपण आहात. तिला पहिल्या दोन-तीन वर्षांत पुरेशी कमाई झाली नाही, तर हप्ता ज्या पगारातून जाईल, तो पगारच काही वर्षांत थांबायचा आहे. यात करसवलतीवर फार भिस्त ठेवू नये. शिक्षणकर्जाच्या व्याजाची वजावट जास्तीत जास्त आठ वर्षे मिळते, परंतु केवळ जुन्या करप्रणालीत. प्रधानमंत्री विद्यालक्ष्मी योजनेतील तीन टक्के व्याज-सवलत वार्षिक कौटुंबिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्यांसाठी आणि निवडक संस्थांपुरतीच आहे, त्यामुळे ती आपल्याला लागू होणार नाही.

शासकीय जागा मिळाल्यास याच १४ लाखांत ११ लाखांचे शिक्षण आणि क्लासचे १ लाख ८० हजार, दोन्ही बसतात. कर्ज काढावेच लागत नाही. या निर्णयात मला सर्वांत जड वाटणारी गोष्ट हीच आहे.

मध्यस्थाला दोन लाख रोख देऊ नयेत. हे मी विनंती म्हणून नव्हे, स्पष्ट सल्ला म्हणून लिहितो. ज्या रकमेची महाविद्यालयाच्या नावाची पावती नाही, ती बँक कर्जात धरत नाही आणि प्रवेश फसला तर परत मागण्याचा आधार राहत नाही. माझ्याकडे आलेल्या एका कुटुंबाने अशीच रक्कम भरली होती. महाविद्यालयाचे नाव बदलले, शुल्क वाढले, आणि आधी दिलेले पैसे अडकल्यामुळे त्यांना माघार घेता आली नाही. त्या वडिलांचा चेहरा मला अजून आठवतो. पुढे कधी खासगी महाविद्यालयाचा विचार केलाच, तर त्या संस्थेची पदवी भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, १९८४ च्या पहिल्या अनुसूचीत आहे का, की केवळ महाविद्यालय सुरू करण्याची परवानगी आहे, हे आधी पाहावे. अनुसूचीत नसलेल्या पदवीवर नोंदणी होत नाही आणि नोंदणीशिवाय व्यवसाय करता येत नाही.

थांबण्याच्या वर्षासाठी माझ्या काही अटी आहेत. सर्व विषयांचा महागडा क्लास न लावता केवळ भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्राची शिकवणी पाहावी. जीवशास्त्र ती स्वतः करू शकते, आणि खर्च त्यामुळे बराच कमी होईल. पुण्यातच एखाद्या महाविद्यालयात बीएस्सीचा प्रवेश घेऊन ठेवावा, म्हणजे वर्ष पूर्णपणे रिकामे जाणार नाही. रविवारी औंधच्या पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालयात जाऊन तिथल्या डॉक्टरांशी तिने बोलावे, कारण पुढची पाच वर्षे कशी असतात हे त्यांच्याइतके कोणी सांगणार नाही.

आणि डिसेंबरअखेर संपूर्ण अभ्यासक्रमावरच्या चार सराव परीक्षा घेऊन भौतिकशास्त्राची सरासरी काढावी. ती ७५ च्या पुढे असेल तर पुढे जावे. ती ६० च्या आतच अडकली असेल, तर मी धरलेली शक्यता चुकली असे समजून मला पुन्हा लिहावे. त्या वेळी ठेवी जागेवर असतील, सुकन्या खाते शाबूत असेल आणि नव्याने हिशेब मांडायला काही महिने हातात असतील.