‘गिल्टी ऑफ’ की ‘गिल्टी टू’?

अमेरिकेतल्या खटल्याच्या बातमीसाठी ‘ही प्लीडेड गिल्टी ऑफ अ लेस चार्ज’ हे वाक्य बरोबर आहे का, असं एका वाचकाने विचारलं आहे. एवढ्याशा वाक्यात दोन चुका आहेत.

पहिली ‘ऑफ’ची. आरोपी स्वतः कबुली देतो तेव्हा ‘प्लीडेड गिल्टी टू मॅनस्लॉटर’ (मॅनस्लॉटर म्हणजे सदोष मनुष्यवध). ज्यूरी दोषी ठरवते तेव्हा ‘फाउंड गिल्टी ऑफ मॅनस्लॉटर’. ‘कन्व्हिक्टेड’लाही ‘ऑफ’च, ‘चार्ज्ड’ला मात्र ‘विथ’.

दुसरी ‘लेस’ची. इथे ‘लेसर’ हवं. गंमत म्हणजे ‘लेस’ मुळातच तुलनादर्शक. त्यावर इंग्रजीने आणखी एक ‘अर’ चढवला. तरी ‘लेसर’पुढे ‘दॅन’ येत नाही. ‘लेसर चार्ज’ म्हणजे तुलनेने सौम्य आरोप. ‘लोअर चार्ज’ वाचलं की मला वकिलाने फी कमी केल्यासारखं वाटतं!

पण खरा घोळ आपल्या मराठीतून येतो. ‘कलम कमी झालं’ असं आपण सरसकट म्हणतो. ते कोणी आणि कधी कमी केलं, हे त्यातून कळत नाही. इंग्रजीत ते सांगावंच लागतं. सरकारी पक्षाने आरोपच सौम्य केला तर ‘द चार्ज वॉज रिड्यूस्ड’. आरोप मागेच घेतला तर ‘ड्रॉप्ड’. आरोप आणि दोष तसेच राहून फक्त शिक्षा घटली तर ‘द सेन्टेन्स वॉज रिड्यूस्ड’. आणि नौदल अधिकारी नानावटी यांच्यावरच्या खुनाच्या खटल्यात यातलं काहीच झालं नाही. हा खून नव्हे, सदोष मनुष्यवध आहे, हा बचाव सर्वोच्च न्यायालयाने १९६१ साली फेटाळला. नानावटी पुढे सुटले ते राज्यपालांनी माफी दिल्यामुळे. तिथे शब्द ‘पार्डन्ड’.

‘प्लीडेड डाउन टू’, म्हणजे तडजोड करून सौम्य आरोपाची कबुली देणं, हा अमेरिकी बोलीतला प्रयोग. चुकीचा नाही, पण बातमीत मी ‘प्लीडेड गिल्टी टू अ रिड्यूस्ड चार्ज’ लिहीन. तेही कबुली दिली असेल तरच. अमेरिकेचे उपराष्ट्राध्यक्ष स्पायरो ॲग्न्यू लाचखोरीच्या चौकशीत अडकले होते. १९७३ साली तडजोड होऊन करचुकवेगिरीचा एकच आरोप उरला. त्यावर त्यांनी ना गुन्हा कबूल केला, ना आरोपाला आव्हान दिलं. त्यांच्याबाबत ‘गिल्टी’ शब्द लावून चालणार नाही. ‘प्लीडेड नो कॉन्टेस्ट’ असंच लिहावं लागेल.